ऑपरेशननंतरचं दुखणं: विचारायचं ते रुग्णाला हलवून

पडून राहिलेल्या माणसाला फारसं दुखत नाही, आणि तिथंच आपली फसगत होते. राउंडला आपण कॉटच्या पायथ्याशी उभं राहून "काय आबा, बरं हाय न्हवं?" विचारतो. आबा मान हलवतात. आपण चार्टवर 'दुखणं नाही' लिहून पुढच्या बेडकडे जातो. त्याच आबांना "जरा खोकून दाखवा बघू" म्हणा. हात झटकन पोटावर जातो, डोळे मिटतात आणि खोकला घशातच अडकतो.

मी कोल्हापुरात सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. नवी सिस्टर किंवा ब्रदर रुजू झाला की बाकी काहीही सांगायच्या आधी मी हेच सांगते: दुखणं विचारायचं ते रुग्णाला हलवून. लांब श्वास घ्यायला लावा, खोकायला लावा, कुशीवर वळायला लावा आणि त्या वेळी किती दुखलं ते विचारा. पडल्यापडल्या किती आणि हलताना किती, असे दोन्ही आकडे चार्टवर आले पाहिजेत. औषध ठरवायचं ते दुसऱ्या आकड्यावर.

कारण सरळ आहे. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस दुखतंय म्हणून वरवर श्वास घेतो. फुप्फुसाचा तळ उघडत नाही, कफ तिथंच साठतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, धाप सुरू होते. पाय हलवत नाही म्हणून पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती. चालत नाही म्हणून पोट फुगलेलं. दुखणं कमी करणं ही आपण रुग्णावर केलेली मेहरबानी नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. पण ते शून्यावर आणायचा हट्टही धरू नका. त्या नादात रुग्ण गुंगीत जातो. खोकता यावं, वळता यावं, आधारानं संडासापर्यंत जाता यावं आणि रात्री डोळ्याला डोळा लागावा, इतकं ते खाली आलं की आपलं काम झालं.

कोण कसं सांगतं

शून्य ते दहाची पट्टी शिकलेल्या माणसाला लगेच कळते. हलताना तीनपर्यंत असेल तर चालेल. चार किंवा त्याच्या वर गेलं की काहीतरी करायचंच. सात-आठ असेल तर पुढच्या डोसची वेळ बघत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

पण राधानगरी किंवा गगनबावड्याच्या एखाद्या वाडीवरून आलेल्या आजींना "दहापैकी किती?" म्हटलं की त्या गोंधळतात. त्यांना मी आण्यांत विचारते. "आजी, अजिबात सोसवत नाही असं दुखणं म्हणजे रुपया. मग आता किती आणे?" लगेच उत्तर येतं, "बारा आणं तरी असंल बघ." बारा आणे म्हणजे सात-आठ, आठ आणे म्हणजे पाच, चार आणे म्हणजे दोन-तीन. चार्टवर आकडा लिहायचा. इंजेक्शननंतर परत विचारलं की "आठ आणं कमी आलं" असं सांगतात. तेव्हा 'कमी झालं' आठ आणे की 'उरलं' आठ आणे, हे नीट विचारून घ्या.

तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांचं कार्ड दाखवा. त्याहून लहान असेल तर आपणच बघायचं: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतंय का. या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे, बेरीज दहापैकी येते. आईला शेजारी बसवून घ्या. भुकेचं रडणं कुठलं आणि दुखण्याचं कुठलं, हे तिच्याइतकं आपल्याला कळत नाही.

न सांगणाऱ्यांकडे मात्र जास्त लक्ष हवं. आपल्याकडे गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनला तालमीतले पैलवान येतात. वीस-बावीस वर्षांचं पोरगं, भेटायला वस्ताद आणि जोडीदार आलेले. त्यांच्यासमोर ते दुखतंय म्हणणार नाही. सिझर झालेल्या सुनेचंही तसंच. उशाशी सासूबाई बसलेल्या, "आम्ही तर घरातच बाळंत व्हायचो" हे तिनं दोनदा ऐकलेलं असतं. अशा वेळी नातेवाइकांना औषधं आणायला किंवा चहाला पाठवा, पडदा ओढा आणि मग विचारा. पैलवानाला मी सांगते, "मांडी आवळून पाय सरळ वर उचलून दाखव. उद्यापासून हाच व्यायाम आहे. दुखण्यामुळं तो झाला नाही तर आखाड्यात उतरायला तितकाच उशीर." मग तो खरं बोलतो. सिझरच्या बाईला बाळ कुशीत घेऊन पाजायला लावा. पोटावर भार पडतोय म्हणून ती बाळ लांब धरत असेल तर उत्तर मिळालंच. तिला कुशीवर निजवून पाजायला शिकवा किंवा बाळाचे पाय तिच्या काखेखालून मागे जातील असं धरायला दाखवा. टाक्यांवर वजन येत नाही.

म्हातारी माणसं ऑपरेशननंतर कधी कधी बरळतात, सलाईन ओढतात. त्यांना आधी चष्मा आणि कानाचं यंत्र द्या, नाव घेऊन बोला, आणि दुखण्याची खूण बघा: कपाळावर आठ्या, कण्हणं, एका जागेवर सारखा जाणारा हात.

प्रत्येक दुखणं जखमेचं नसतं

औषधाची ट्रॉली ओढण्याआधी पांघरूण काढून रुग्णाला नखशिखांत बघा. हे एका मिनिटाचं काम आहे आणि ते घाईत सुटतं.

हर्नियाचं ऑपरेशन झालेले, कमरेत भूल दिलेले साठीचे काका संध्याकाळी अस्वस्थ आहेत, बीपी वाढलंय, ओटीपोटात दुखतंय म्हणतात. बेंबीखाली हात ठेवा. घट्ट गोळा लागतोय का? ऑपरेशनला सहा-आठ तास होऊन लघवी झाली नसेल तर ते तुंबलेल्या मूत्राशयाचं दुखणं आहे. त्यावर ट्रामाडॉलसारखं गुंगी आणणारं वेदनाशामक दिलं तर लघवी आणखी अडेल. आधी त्यांना उभं करा, नळाचं पाणी सोडा, एकांत द्या. नाहीच झाली तर डॉक्टरांना विचारून नळी घाला. नळी आधीच असेल तर ती मांडीखाली दबली आहे का, पिळ पडलाय का ते बघा.

हात ठणकतोय म्हणत असेल तर इन्ट्राकॅथची, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घातलेल्या बारीक नळीची, जागा बघा. लाल, गरम, शिरेची दोरी झालेली असेल तर ती काढा, दुसरीकडे लावा. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या बाईचा खांदा दुखत असेल तर तिला हार्ट अटॅकची भीती वाटते. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू श्वासपटलाखाली उरतो आणि श्वासपटलाच्या मज्जातंतूच्या वाटेनं खांद्यात दुखतं. दोन-तीन दिवसांत जातं, चालल्यानं लवकर जातं. हे ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवलं तर निम्मी घाबरगुंडी वाचते. मात्र छातीत दाब, घाम, धाप यांपैकी काही सोबत असेल तर वायू म्हणून सोडून देऊ नका, ईसीजी काढा. मधुमेही रुग्णात तर छातीत न दुखताही अटॅक येतो.

कमरेतल्या भुलेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, अशी तक्रार आली तर भूलतज्ज्ञांना कळवा. ते मणक्यातलं पाणी झिरपल्याचं दुखणं आहे. त्याला उपाय आहेत, नुसतं "पडून राहा" म्हणणं पुरेसं नाही.

आणि एक दुखणं असं आहे, जिथं रात्रीचे तीन वाजले असले तरी सर्जनना उठवायचं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत हात चेंगरलेला कामगार, किंवा ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला माणूस. प्लास्टर घातलंय, इंजेक्शन दिलंय, तरी दुखणं वाढतच चाललंय, आधीपेक्षा जास्त. त्याची बोटं तुमच्या हातानं हळूच ताणा. त्यानं किंकाळी फोडली, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढतोय असं धरून चाला. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी फार उशिरा जाते. अशा वेळी हात-पाय उशीवर उंच ठेवू नका, हृदयाच्या पातळीत ठेवा, प्लास्टर लगेच उघडायची तयारी करा आणि फोन लावा. इथं काही तासांचा उशीर झाला तर हात निकामी होतो.

पोटाच्या रुग्णाचं दुखणं रोज थोडं थोडं उतरायला हवं. आतड्याला टाके घातलेत आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणं परत चढलं, नाडी ११०-१२० झाली, पोट कडक लागतंय, तर वेदनाशामक वाढवून शांत बसायचं नाही. टाका सुटला असेल.

गोळी, बाटली, इंजेक्शन

ऑर्डर डॉक्टरांची असते. पण ती वेळेवर देणं, मोजून देणं आणि अपुरी पडतेय हे सांगणं आपलं काम आहे.

'एसओएस' म्हणजे गरज लागेल तेव्हा. आपल्या वॉर्डात त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'रुग्ण ओरडेल तेव्हा' असा होतो. रुग्ण संकोचानं मागत नाही, आपण कामात असतो, आणि दुखणं एकदा चढलं की तीच मात्रा पुरत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस घड्याळाच्या ठरलेल्या वेळी औषध लिहून द्या, असं राउंडलाच डॉक्टरांकडे मागा. एसओएस हे त्याच्या वरचं, जास्तीचं.

पॅरासिटामॉलची १०० मिलीची बाटली, १ ग्रॅमची, सगळ्यांना माहीत आहे. ती पंधरा मिनिटांत गेली पाहिजे. तासभर थेंब थेंब टिपकत राहिली तर हवा तसा गुण येत नाही. मोठ्या माणसाला दर सहा तासांनी १ ग्रॅम, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. पण वजन बघा! ऊसतोडीच्या टोळीतून आलेल्या बायका चाळीस किलोच्या असतात. पन्नास किलोच्या आत किलोला १५ मिलिग्रॅम हा हिशेब: चाळीस किलोला एका वेळी ६०० मिलिग्रॅम म्हणजे ६० मिली, दिवसाला जास्तीत जास्त २.४ ग्रॅम. पूर्ण बाटली लावून निघून जाऊ नका. दारू पिणारा, कावीळ झालेला असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या. आणि जोडगोळ्यांतलं पॅरासिटामॉल धरा. ट्रामाडॉल किंवा असिक्लोफिनॅकच्या जोडगोळीत प्रत्येकी ३२५ मिलिग्रॅम असतंच.

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक देण्याआधी चार गोष्टी विचारा: दमा आहे का, पोटात अल्सर आहे का, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे का, लघवी नीट होतेय का. रक्त गेलेल्या, पाणी कमी पडलेल्या रुग्णाच्या किडनीला ते झेपत नाही.

ट्रामाडॉल भसकन शिरेत ढकललं की उलटी होते आणि उलटीनं टाक्यांना हिसके बसतात. १०० मिली सलाईनमधून हळू द्या. फिट येणाऱ्या रुग्णाला देण्याआधी डॉक्टरांना परत विचारा. अंगावर पाजणाऱ्या आईला लिहिलं असेल तरी विचारा, कारण दुधातून बाळाला गुंगी येऊ शकते. तिच्यासाठी दुसरी चांगली औषधं आहेत.

दिलेलं औषध लागू पडलं का, हे बघितल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. शिरेतून दिलं तर अर्ध्या तासानं, गोळी दिली तर तासानं परत बेडपाशी जा, परत खोकायला लावा, आकडा लिहा. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ या ड्युटी बदलायच्या वेळांना डोस हमखास राहतो. 'त्यांनी दिला असेल' असं दोघींनाही वाटतं. म्हणून ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीला रुग्णाची माहिती, देताना बेडपाशी उभं राहून द्या: शेवटचा डोस किती वाजता, हलताना किती दुखतं, पुढचा कधी.

ड्रेसिंग दहा वाजता असेल तर नऊला गोळी. फिजिओथेरपिस्ट येण्याआधीही तसंच. चिकटलेलं ड्रेसिंग ओढू नका, नॉर्मल सलाईन टाकून भिजू द्या.

हातांचं काम

थिएटरमधून आलेला रुग्ण थंडीनं कुडकुडत असतो. कुडकुडण्यानं टाके ताणले जातात, प्राणवायूही जास्त लागतो. ओले कपडे बदला, ब्लँकेट घाला, पंखा बंद करा. नातेवाईक घरून गरम पाण्याची पिशवी आणतात. भूल उतरली नसताना ती पायाशी ठेवू देऊ नका. पायाला चटका कळत नाही आणि सकाळी टाचेवर फोड दिसतो.

खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायला शिकवा. घडी केलेली चादर असली तरी चालते. दोन्ही हातांनी दाबायची, नाकानं लांब श्वास घ्यायचा, मग खोकायचं. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र रुग्ण हमखास फुंकतात. ते आत ओढायचं असतं, हे स्वतः करून दाखवा. जागेपणी तासाला दहा वेळा.

उठवताना हात धरून सरळ बसतं करू नका. आधी गुडघे वाकवा, कुशीवर वळवा, पाय कॉटखाली सोडा, मग कोपर आणि तळहात रेटून त्यानं स्वतः उठायचं. दोन मिनिटं बसू द्या, चक्कर येतेय का विचारा, मग उभं करा. ही रीत ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शिकवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी फार सोपं जातं.

गुडघ्याच्या ऑपरेशनला गुडघ्याखाली उशी द्यायचा मोह होतो, रुग्णही मागतो, बरं वाटतं म्हणून. देऊ नका, गुडघा वाकडा धरून राहतो. टाचेखाली द्या. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, उघड्या कातडीवर नाही.

तोंडाला पाणी नाही म्हणून ओठ फुटलेले असतात, जीभ कोरडी पडलेली असते, आणि सलाईन चालू असलं तरी तहान जात नाही. ओल्या कापडानं तोंड पुसा, चूळ भरायला द्या, ओठांना व्हॅसलिन लावा. हे कोणी ऑर्डरमध्ये लिहीत नाही, पण रुग्णाला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. नातेवाइकांना पथ्य नीट समजावून सांगा. ताकद यावी म्हणून दुसऱ्याच दिवशी डब्यातून पांढरा रस्सा येतो. आतड्यांचा आवाज नाही, वारा सरला नाही, आणि रस्सा पोटात गेला की पोट फुगून टाके ताणतात, रात्रभर कळा. "वारा सरू दे, मग आधी पातळ पेज, रस्सा पुढच्या आठवड्यात" असं प्रेमानं सांगितलं तर ऐकतात.

रात्रपाळी

रात्री दुखणं जास्त वाटतं, आणि झोप न झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आणखी जास्त. झोपेच्या वेळी डोस बसेल अशी वेळ लावून घ्या. बीपी, ताप, अँटिबायोटिक सगळं एकाच फेरीत उरका, मोठे दिवे मालवा.

मॉर्फिन, फेंटानिल किंवा ट्रामाडॉल ही गुंगी आणणारी वेदनाशामकं चालू असलेल्या रुग्णाचा श्वास त्याला न उठवता, पूर्ण एक मिनिट मोजा. नंतर हाक मारा. हाकेला डोळे उघडून बोलला तर ठीक. बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून परत झोपत असेल तर पुढचा डोस थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. श्वास मंदावण्याच्या आधी ही गुंगी येते. श्वास दहाच्या खाली गेला, मोठं घोरणं सुरू झालं तर हलवून जागं करा, डोकं नीट करा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा, नॅलोक्सोन, म्हणजे या औषधांवरचा उतारा, हाताशी ठेवा. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९८ दिसत राहतं आणि श्वास मात्र मंदावत जातो, म्हणून नुसत्या बोटाच्या मशीनवर भरवसा ठेवू नका.

पाठीत एपिड्युरल नळी, म्हणजे मणक्यापाशी भुलेचं औषध सोडणारी बारीक नळी, असेल तर बीपीबरोबर दर वेळी पायही हलवायला लावा. काल हलणारा पाय आज जड झाला किंवा पाठीत नवीन दुखायला लागलं तर लगेच भूलतज्ज्ञ. नळी काढण्याआधी रक्त पातळ करायचं शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलं, ते त्यांना सांगितल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही.

घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्डवर 'एक-शून्य-एक' लिहून भागत नाही. घर कसलं आहे ते विचारा. ऊसतोडीची बाई फडाजवळच्या खोपीत जमिनीवर झोपणार, पहाटे अंधारात उठणार. तिला कॉटवरून नाही, जमिनीवरून उठायची रीत दाखवा: कुशीवर, मग गुडघा आणि हात टेकून. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर सहा आठवडे मोळी उचलायची नाही, हे नवऱ्याला आणि जमलं तर मुकादमाला फोनवर सांगा. डोसची वेळ तिच्या दिवसावर बसवा; सकाळी नऊला ती फडात असेल. वेदनाशामकाची गोळी कधीही उपाशीपोटी नाही, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं दुसरी आणून जोडायची नाही. ट्रामाडॉल चालू असेल तर शौचाला घट्ट होतं. पाणी, चालणं आणि लागलं तर डॉक्टरांनी दिलेलं औषध, कुंथायचं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये डिस्चार्ज देताना मी पंचगंगेची पातळी विचारते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. पाणी चढत असेल आणि रुग्ण शिरोळ, हातकणंगले किंवा नदीकाठच्या गावचा असेल तर चार-पाच दिवस रस्ता बंद राहील असं धरून चाला. डॉक्टरांना विचारून तेवढ्या जास्तीच्या गोळ्या आणि ड्रेसिंगचं सामान सोबत द्या, गावाजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव कार्डवर लिहा, आणि कशासाठी वाट न बघता निघायचं ते घरच्यांकडून परत वदवून घ्या: दुखणं उतरायचं सोडून चढायला लागलं, टाक्यातून पू किंवा पाणी आलं, ताप आला, एका पोटरीला सूज येऊन दुखायला लागली, धाप लागली. वॉर्डचा फोन नंबर कार्डवर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरी त्या वेळी कोण असणार आहे, त्याचाच नंबर आपल्या रजिस्टरला घ्या.